माशी महिनाभराची, लढा २८ वर्षांचा

साचलेलं पाणी वाईट, वाहतं पाणी चांगलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. डासांपुरतं ते बरोबरही आहे. पण काळ्या माशीचं गणित उलटं. जेमतेम काही मिलिमीटरची ही माशी. तिच्या अळ्या खळाळत्या नदीतल्या दगडांना चिकटून वाढतात. अंड्यांसाठी मादीला रक्त लागतं, म्हणून ती चावते.

पश्चिम आफ्रिकेत या चाव्यातून एक जंत माणसाच्या शरीरात शिरतो. त्याची सूक्ष्म पिल्लं कातडीत आणि डोळ्यांत पसरतात. आधी असह्य खाज, पुढे काही वर्षांनी अंधत्व. रोगाचं नावच 'रिव्हर ब्लाइंडनेस'. व्होल्टा नदीच्या खोऱ्यात लोकांनी या भीतीने नदीकाठची सुपीक शेतं सोडून दिली.

१९७४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि इतर संस्थांनी मिळून सात देशांत मोहीम सुरू केली. पुढे देश अकरा झाले. नद्यांवर हेलिकॉप्टरमधून दर आठवड्याला अळीनाशक सोडायचं, म्हणजे अळीची माशी होण्याआधीच ती मरते. पण असं किती वर्षं करायचं? माशी फार तर महिनाभर जगते, शरीरातला जंत मात्र १० ते १५ वर्षं. मध्येच थांबलं, तर माशा परतणार आणि त्याच माणसांकडून रोग पुन्हा पसरवणार. काही माशा औषधाला दाद देईनात, तेव्हा औषधं आलटून पालटून वापरली. १९८७ पासून आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या मोफत मिळू लागल्या. २००२ मध्ये मोहीम संपली, तोवर सुमारे सहा लाख लोकांची दृष्टी वाचली होती. २०२५ मध्ये नायजर हा या रोगातून मुक्त झालेला आफ्रिकेतला पहिला देश ठरला.

त्या नद्यांत सुरुवातीला वापरलेलं औषध होतं टेमिफॉस. आपल्याकडे डासांच्या अळ्यांसाठी पाण्यात टाकतात तेच. आणि हिशेबही तोच आहे. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा आणि घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी कडांना चिकटतात आणि कोरड्यातही काही महिने टिकतात.

आम्ही सॉफ्टवेअरवाले असली ठरावीक कामं मशीनवर सोपवतो. पिंप मात्र हातानेच घासावं लागतं. तेव्हा घरच्या ग्रुपवर दर रविवारचा रिमाइंडर लावा, आणि पावसाळा संपला म्हणून तो बंद करू नका.