तिच्या हातचे पाणी

जामखेड तालुक्यातल्या गावांमध्ये १९७० च्या दशकात कूपनलिका खोदल्या जात होत्या. दुष्काळाचे दिवस होते. गावच्या विहिरीत दलितांनी पोहरा सोडायचा नाही, कुणी वरच्या आळीची बाई येऊन घागरीत वरून पाणी ओतेपर्यंत ताटकळत उभे राहायचे, ही रीत अजून मोडलेली नव्हती. पाण्याची जागा दाखवायला जाणकार आले तेव्हा तिथे आरोग्याचे काम करणाऱ्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने त्यांच्याशी आधीच बोलून ठेवले होते: शक्य असेल तिथे जागा दलित वस्तीतली दाखवा. तशी ती दाखवली गेली आणि हातपंप वस्तीत बसला. पाणी तर सगळ्यांनाच हवे होते. हळूहळू वरच्या आळीच्या बायकाही कळशा घेऊन तिथे येऊ लागल्या. ज्या दांड्याला वस्तीतल्या बाईचा हात लागला, त्यालाच त्यांचाही लागू लागला.

बायबल ज्याच्या घरात वाचले जाते त्याला या पंपापाशी एक जुनी विहीर आठवतेच. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. शोमरोन प्रांतातले सूखार गाव, भर दुपारची वेळ, याकोबाची विहीर. शिष्य खायला आणायला गावात गेलेले आणि चालून थकलेला येशू काठावर टेकलेला. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांना हलके मानत, त्यांच्या भांड्याला तोंड लावत नसत. त्यातून ही बाई पाच नवरे झालेली आणि सहाव्याबरोबर राहणारी. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. बाई चकित होते. तुम्ही यहुदी, मी शोमरोनी, माझ्याकडे पाणी कसे मागता, असे ती सरळ विचारते.

या अध्यायावरच्या प्रवचनांचा भर बहुधा पुढच्या संवादावर असतो. येशू तिला जे जिवंत पाणी देऊ करतो त्यावर पाळक मन लावून बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण मराठी मुलखात या अध्यायाची सारी धार त्या पहिल्या मागणीत आहे. उपकार करणाऱ्याचा हात नेहमी वर असतो, घेणाऱ्याचा खाली. इथे येशूने आपला हात खाली धरला. तहान त्याची आणि देणारी ती. निःस्वार्थ जगणे म्हणजे गरिबाला काहीतरी देणे, अशी आपली सोपी समजूत असते. हा प्रसंग त्याहून अवघड गोष्ट मागतो. ज्याला आपण दूर ठेवले त्याच्या हातचे आधी घ्यायला शिकायचे.

आरोळे दांपत्याचे आयुष्य या अवघड बाजूनेच पाहावे लागते. रजनीकांत नगर जिल्ह्यातले, मेबल जबलपूरच्या. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले अव्वल विद्यार्थी. १९६० मध्ये लग्न झाले तेव्हा खेड्यातल्या गोरगरिबांसाठी आयुष्य वेचायचे, असे व्रत त्यांनी मिळून घेतले. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काही वर्षे काढल्यावर एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की झाली. बरे होऊन गेलेला रोगी तोच आजार घेऊन परत येत होता. जुलाब, कुपोषण, बाळंतपणातले मृत्यू यांची मुळे गावात होती, आणि दवाखाना गावापासून दूर होता. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. तिथे राहून सुखाने नाव कमावता आले असते. १९७० मध्ये ते परतले आणि जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू झाला.

आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावोगाव ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. बाहेरून आलेल्या मुलीचे गाव ऐकेना आणि तिलाही गावात राहवेना. मग गावातलीच बाई निवडायची ठरले. या बायकांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, त्यांच्याच हातून गावाने औषध घ्यायचे आणि त्यांच्याच हाती बाळंतीण सोपवायची, असा हा बेत होता. डॉक्टरांनी आपली विद्या कुलुपात ठेवली नाही, ती वाटून टाकली. नाडी कशी पाहायची, साखर-मिठाचे पाणी कसे पाजायचे, पोटातले मूल आडवे आहे हे हाताने कसे ओळखायचे, हे सगळे त्या बायका जामखेडला येऊन शिकत.

शिकायला आलेल्या बायका सुरुवातीला एका पंगतीला बसायला तयार नव्हत्या. रात्री झोपायच्या तेव्हाही मध्ये अंतर ठेवूनच. त्यांना मग सगळ्यांना पुरेल एवढे एकच भलेमोठे पांघरूण देण्यात आले. नगरकडची थंडी ज्याने सोसली आहे त्याला कळेल की अशा रात्री पांघरुणाबाहेर राहणे किती अवघड. मराठा बाई, महार बाई, मुसलमान बाई एकाच पांघरुणाखाली सरकत गेल्या. या प्रसंगात उपदेशाचा एक शब्दही नाही, आणि जामखेडचे सगळे मर्म त्याच्यातच आहे असे वाटते.

त्या बायकांनी काय केले ते आकड्यांत दिसते. १९७१ मध्ये या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हे प्रमाण तिसाच्या खाली आले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या पुस्तकात जामखेडचा समावेश झाला, १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण पुरस्कारापेक्षा मुक्ताबाई पोळ यांची गोष्ट मोठी आहे. जामखेडच्या या आरोग्यसेविकेने १९८८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये जगभरातल्या आरोग्यतज्ज्ञांपुढे भाषण केले. छताच्या झगमगत्या झुंबराकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, की मोठे डॉक्टर आणि मोठी इस्पितळे अशी असतात, सुंदर पण महाग आणि हाताला न लागणारी. आपण साधी पणती आहोत, पण पणतीवरून दुसरी पणती लावता येते. सभागृह उठून उभे राहिले.

हे सगळे डॉक्टरांचे आणि मोठ्या संस्थांचे. साध्या ख्रिस्ती कुटुंबाने योहानाच्या त्या अध्यायाचे काय करायचे? याचे उत्तर आपल्याकडे स्वयंपाकघरात सापडते. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ मराठी वाचकांना ठाऊक आहेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यानंतरही लक्ष्मीबाई सोवळे पाळत होत्या, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. मनाशी झगडत झगडत एके दिवशी त्या या निष्कर्षाला आल्या की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्या. त्यांनी कुणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली ती ख्रिस्ती होण्याआधी. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. म्हणजे पेला आधी बदलला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आज कित्येक घरांत धुणीभांडी करणाऱ्या बाईचा चहाचा कप वेगळा असतो. बहुधा कान तुटलेला, ओट्याखालच्या फळीवर उपडा घातलेला. ख्रिस्ती घरे याला अपवाद आहेत असे छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. रविवारी प्रभुभोजनाला एकाच भाकरीचे तुकडे घेणारी मंडळी मुलांच्या लग्नाची बोलणी करताना पूर्वीची जात हळूच विचारतात, हेही आपल्यातल्या पुष्कळांना माहीत आहे. शोमरोनी बाईची गोष्ट कळली की नाही, याची परीक्षा त्या ओट्याखालच्या फळीवर आणि त्या बोलण्यांत होते. तो कप टाकून द्यायला पैसा लागत नाही, संस्था काढावी लागत नाही. पुढची पायरी आणखी साधी आहे आणि जड जाणारी: त्या बाईच्या घरी जाऊन, तिने पुढे केलेला चहा बसून प्यायचा.

हाच अध्याय एका मराठी बाईच्या आयुष्यात निर्णायक ठरला होता. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. संस्कृतात पारंगत, नवरा वारलेला, पदरी लहानगी मनोरमा. वाँटेज गावच्या मठवासी सिस्टरांकडे राहत असताना त्यांना लंडनमधल्या फुलम इथे त्या सिस्टरांचे काम पाहायला पाठवले गेले. वाट चुकलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे जवळ केले जाई. रमाबाईंनी हे कधी पाहिले नव्हते. अशा बायकांची एवढी माया तुम्हाला का, असे त्यांनी विचारले तेव्हा एका सिस्टरने त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची भेट सांगितली. पुढे आपल्या निवेदनात रमाबाईंनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

फुलमला पाहिलेले त्या विसरल्या नाहीत. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, नंतर ते पुण्याला आले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. आईवडील दुष्काळातच गमावलेल्या रमाबाईंना तिथली उपाशी, अनाथ मुले नवी नव्हती. शेकडो मुली आणि बायका त्यांनी पुण्याजवळच्या केडगावी आणल्या आणि मुक्ती सदन उभे राहिले. त्याच आवारात एक कृपा सदन होते, खास अशा स्त्रियांसाठी, ज्यांना दुसरे कोणीही दारात उभे करत नव्हते. रमाबाईंनी त्यांना नुसता आसरा दिला नाही. केडगावी शेती होती, विणकाम होते, छापखाना होता, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवले जाई. त्या बायकांच्या हातचे काम घेतले जाई आणि त्यांच्या हातचे अन्न खाल्ले जाई.

शेवटची कित्येक वर्षे रमाबाई एका कामात गढून गेल्या होत्या. छापील बायबलची मराठी त्यांना खेड्यातल्या बाईच्या कानाला जड वाटे. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळे बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम चालूच होते. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, त्यापूर्वी भाषांतर पुरे झाले होते. ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे मुक्तीतल्या मुलींनी जुळवले होते. योहानाचा चौथा अध्यायही त्यांच्याच हातांनी, एकेक अक्षर उचलून.