गणिताचा पेपर : आधी पर्याय पाहा, मग पेन उचला

पदवी हातात असलेली आपली कितीतरी मुले-मुली बँकेच्या परीक्षेत गणितावर अडतात. ‘आम्ही गणितात कच्चे’ असे स्वतःच ठरवून पुढच्या वेळी अर्जही भरत नाहीत. वस्तीतल्या अभ्यासवर्गात त्यांच्या कच्च्या वह्या चाळल्या की वेगळेच दिसते. गणित बरोबर असते, पण एका उत्तरामागे पानभर पायऱ्या असतात. शाळेत पायऱ्यांना गुण होते. इथे गुण फक्त बरोबर पर्यायाला आहेत.

हिशेब पाहा. आयबीपीएसच्या २०२५च्या लिपिक पूर्वपरीक्षेत गणिताला ३५ प्रश्न आणि २० मिनिटे. म्हणजे प्रश्नामागे जेमतेम ३४ सेकंद! म्हणून विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न वाचताच आकडेमोड सुरू करू नका. आधी पाचही पर्याय पाहा आणि मग वाट ठरवा.

पर्याय एकमेकांपासून लांब असतील तर अंदाज पुरे. ६१९.८चे ३०.१ टक्के अंदाजे किती? पर्याय १२४, १५६, १८६, २१४, २४८. ६२०चे ३० टक्के १८६. झाले उत्तर.

पर्याय जवळजवळचे असतील तर शेवटचा अंक पाहा. ४७ गुणिले ६३. पर्याय २९५३, २९५७, २९६१, २९६७, २९७१. सात त्रिक एकवीस, म्हणजे शेवटी १ हवा. उरले २९६१ आणि २९७१. ६३ला ९ने भाग जातो, तेव्हा उत्तरालाही गेला पाहिजे. अंकांची बेरीज पहिल्याची १८, दुसऱ्याची १९. उत्तर २९६१.

शाब्दिक उदाहरणात समीकरण मांडण्याआधी पर्यायच घालून पाहा. आईचे वय मुलीच्या तिप्पट आहे, १० वर्षांनी दुप्पट होईल. मुलीचे आजचे वय किती? पर्याय ८, १०, १२, १५, १६. मधला १२ घ्या. आई ३६, १० वर्षांनी २२ आणि ४६. दुप्पट ४४ हवी होती, २ जास्त झाले. म्हणजे वय कमी हवे. १० घ्या : २० आणि ४०. जुळले.

यापैकी काहीच लागू पडत नसेल तर प्रश्न सोडून पुढे चला. वेळ उरला तर दुसऱ्या फेरीत परत या.

आता ठोकताळ्याविषयी. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. डोळे मिटून पाच उत्तरे दिली तर सरासरीने एक बरोबर, चार चूक. मिळाला १, गेला १. हाती शून्य. मात्र दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर उरलेल्या तिघांतून एक निवडणे फायद्याचे ठरते. इतर परीक्षांत पर्यायांची संख्या आणि वजावट वेगळी असते; सूचना वाचूनच ठरवावे.

या युक्त्या पाया कच्चा असताना चालत नाहीत. तीसपर्यंतचे पाढे, वर्ग, टक्केवारीचे अपूर्णांक तोंडपाठ हवेतच.

पालकांना गणित येत नसले तरी बिघडत नाही. रोज २० मिनिटे घड्याळ लावून शेजारी बसावे, टीव्ही बंद ठेवावा. पेपर तपासताना मुलांनी चुकलेल्या प्रश्नांबरोबरच, बरोबर येऊनही मिनिटापेक्षा जास्त वेळ खाल्लेल्या प्रश्नांवर खूण करावी. दुसऱ्या दिवशी त्यांचीच जवळची वाट शोधावी. महिनाभर हे नेमाने केले, की ‘कच्चे’ हा शब्द किती खरा होता ते मुलांना स्वतःलाच कळेल.