शिवराई सापडली? घासू नका!

आजीच्या डब्यात तांब्याची जुनी शिवराई सापडली, तर चिंच-मीठ लावून घासायला बसू नका. चमक येईल, पण किंमत उतरेल!

नाण्याची किंमत नुसत्या वयावर ठरत नाही. ते किती दुर्मिळ आहे, त्याला मागणी किती आणि त्याची स्थिती कशी, हे तिन्ही पाहतात. स्थिती ठरवण्याला 'ग्रेडिंग' म्हणतात. जगभर त्यासाठी १ ते ७० अंकांची शेल्डन श्रेणी प्रचलित आहे. ६० पासून पुढचे नाणे म्हणजे व्यवहारात न फिरलेले.

शिवराई हाताने ठोकून पाडत. त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि मागचे 'छत्रपति' ही अक्षरे बरेचदा काठावर तुटलेली दिसतात. अक्षरे पूर्ण असतील, तर संग्राहक जास्त पैसे मोजतात. घासलेले नाणे मात्र जाणकाराच्या लगेच लक्षात येते.

पण चांगली ग्रेड मिळाली म्हणून साधे नाणे लाखमोलाचे होत नाही. 'जुने नाणे विका, लाखो मिळवा. आधी शुल्क भरा' असा मेसेज आला, तर सावध व्हा. आपल्या नावाने असे पैसे उकळले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच दिला आहे.