१६२ मतं आणि अम्मीचं एक

पहिल्या रोज्याच्या संध्याकाळी मालेगावहून अम्मीचा फोन आला. मगरिबची नमाज नुकतीच झाली होती. "दोघं एकाच दस्तरख्वानावर बसलेत," तिनं हळू आवाजात सांगितलं, जणू कुणी ऐकलं तर पुन्हा उठून जातील. दोघं म्हणजे माझे भाऊ. एकाच घरात राहतात, एकाच शेडमध्ये लूम चालवतात. पण नोव्हेंबरपासून त्यांचं बोलणं वीजबिल आणि सुताच्या भावापुरतंच उरलं होतं.

कारण होतं १६२ मतं. गेल्या विधानसभा निवडणुकीत मालेगाव मध्यमधून एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल निवडून आले. त्यांना १,०९,६५३ मतं मिळाली आणि आसिफ शेख रशीद यांना १,०९,४९१. राज्यातल्या २८८ जागांमध्ये यापेक्षा निसटता निकाल दुसरा नव्हता. थोरला भाऊ मुफ्तीसाहेबांचा, धाकटा आसिफ शेख यांचा. या दोन बाजूंची लढत आमच्या गावाला जुनी आहे. २००९ला मुफ्ती, २०१४ला आसिफ, २०१९ला परत मुफ्ती. गल्लीतल्या चहाच्या हॉटेलांत कोण कुठल्या बाकावर बसतो, त्यावरून त्याचं मत कळतं.

मी मात्र लग्नानंतर चिंचवडची मतदार झाले. इथं २० नोव्हेंबरला सकाळी रांगेत उभी राहिले, बोटाला शाई लावून घेतली आणि कॉलेजच्या पेपर तपासणीला बसले. २३ तारखेला शनिवार होता. दुपार व्हायच्या आत आमच्या सोसायटीबाहेर फटाके वाजू लागले. शंकर जगताप यांनी राहुल कलाटे यांच्यावर १,०३,८६५ मतांनी विजय मिळवला होता. लाखाच्या फरकात माझं एक मत इकडे पडलं काय नि तिकडे पडलं काय! खरं सांगते, त्या दिवशी मला भावांचा हेवा वाटला. त्यांच्या मताला वजन होतं. माझं मत म्हणजे पवनेच्या पुरात सोडलेलं ओंजळभर पाणी.

पार्किंगमध्ये शेजारचे काका भेटले. निवृत्त माणूस. कंपनीत तीस वर्षं काढलेली. माझ्या मुलाला दहावीचं गणित यांनीच शिकवलं, एक पैसा न घेता. ते हसत म्हणाले, "मॅडम, तुम्हा लोकांचं बरं असतं. एकगठ्ठा ठरतं. आमच्यात घरात तीन माणसं, तीन मतं." बोलण्यात कडवटपणा मुळीच नव्हता. पाऊस पडतोय म्हणावं, तितक्या सहज म्हणाले. नेमका त्याच वेळी माझ्या हातातला फोन वाजत होता. घरच्या ग्रुपवर थोरला आणि धाकटा एकमेकांना जे लिहीत होते, ते रमजानच्या पानावर छापण्याजोगं नाही.

मी फोन काकांपुढे धरला. म्हटलं, "बघा आमचा गठ्ठा."

पण त्यांचं म्हणणं हवेतून आलं नव्हतं, हेही मला कबूल करायला हवं. त्याच वर्षी मे महिन्यात लोकसभेला धुळे मतदारसंघात काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या. त्या मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं येतात. पाच ठिकाणी भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. सहावं क्षेत्र म्हणजे आमचं मालेगाव मध्य. तिथं बच्छाव यांना एक लाख नव्वद हजारांहून जास्त आघाडी मिळाली आणि सगळा निकाल फिरला. पुढं विधानसभेच्या प्रचारात त्या एका आकड्याला काय काय नावं ठेवली गेली, ते वाचकांना आठवत असेल. उरलेल्या पाच क्षेत्रांनी दुसऱ्या बाजूला कौल दिला, त्याला कुणी गठ्ठा म्हटलं नाही. त्याला जनमत म्हणतात.

म्हणजे मे महिन्यात माझे दोन्ही भाऊ एकाच चिन्हावर बोट ठेवून आले. सहाच महिन्यांनी त्याच बूथवर, त्याच रांगेत उभं राहून ते दोन वाटांनी गेले. गाव तेच, मशिदी त्याच, शुक्रवारची लूमची सुट्टीही तीच. धाकट्याला मी विचारलं, असं कसं? तो म्हणाला, "आपा, तब डर था, अब काम था." मे महिन्यात भीती होती, आता कामाचा प्रश्न होता. रस्ते, गटारी, कुणाचा फोन उचलला जातो, कोण शेवटचं कधी मोहल्ल्यात दिसलं. तुमच्या प्रभागात लोक जे बघतात तेच.

या १६२चा मला आनंद झाला, तो असा चोरटा आहे. कोण जिंकलं याचा नाही. दोन लाखांहून जास्त माणसं जवळजवळ बरोबर अर्धी अर्धी झाली, याचा. आणि त्या आनंदाला लगेच एक खोट लागते. समोर दोन्हीकडे आपलीच माणसं उभी असली की मोकळेपणानं भांडणं सोपं असतं. चिंचवडमध्ये मला तेवढं मोकळं होता येतं का? शाई लावायच्या आधी मी दहा वेळा विचार करते की काम बघू की भीती. दर वेळी उत्तर एकच येत नाही.

कामाचं म्हणाल तर त्यासाठी महापालिका असते, आणि तिथं तर २०२५मध्ये मत द्यायलाच मिळालेलं नव्हतं. पिंपरी-चिंचवडमध्ये मार्च २०२२पासून प्रशासक होता, मालेगावातही त्याच वर्षापासून. २०२५मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेनं मोठी कारवाई करून भंगाराची गोदामं, पत्राशेड पाडली. ती अधिकृत होती की अनधिकृत, हा वाद इथं काढत नाही. पण तिथल्या माणसाला, तो कुठल्याही धर्माचा असो, ज्याच्या दारात जाऊन चार शब्द सुनावता येतील असा नगरसेवक तेव्हा तीन वर्षं नव्हता. निसटता निकाल, मोठा निकाल या पुढच्या गोष्टी. आधी निकाल तर लागायला हवा होता.

पार्किंगमधल्या त्या दिवसानंतर काका दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात थांबवून विचारलं, "मग भावांचं मिटलं का?" आता रमजानात रोज विचारतात. काल इफ्तारीची भजी घेऊन गेले तर म्हणाले, "आणि आईंनी कुणाला दिलं होतं?"

हे मलाही माहीत नाही. थोरल्याची खात्री आहे की अम्मीनं त्याचं ऐकलं. धाकट्याचीही तितकीच खात्री आहे, कारण बूथवर तिला स्कूटरवरून त्यानंच नेलं होतं. परवा मी फोनवर सरळ विचारलं. मागून थोरला ओरडला, "बोल, अम्मी, बोल!" ती म्हणाली, "पहिले खजूर इधर दे," आणि मग बराच वेळ नुसता ताटांचा आवाज येत राहिला.