अनोतत्त सरोवर : यात्रा आणि दृष्टी

कैलास-मानसरोवराची यात्रा २०२० पासून खंडित होती. ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून बीड जिल्ह्यातील काही उपासक आम्हास विचारू लागले आहेत, की हे सरोवर बौद्धांचेही आहे काय, आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने तेथे जावे काय? प्रश्न रास्त आहे.

प्रथम माहिती पाहू. मानसरोवर पश्चिम तिबेटात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५९० मीटर उंचीवर आहे. त्याचे क्षेत्रफळ ४०० चौरस किलोमीटरहून अधिक आहे. त्याचे पाणी गोडे, तर शेजारच्या राक्षसतालाचे खारट आहे. पाली वाङ्मयातील 'अनोतत्त', म्हणजे न तापणारे सरोवर, ते हेच असे परंपरा मानते. निदानकथेनुसार महामायेस स्वप्नात याच सरोवरावर नेऊन स्नान घातले गेले. त्याच्या चार मुखांतून चार नद्या निघतात असे वर्णन आहे. प्रत्यक्षात सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा व कर्णाली या नद्या कैलासाच्या परिसरात निरनिराळ्या ठिकाणी उगम पावतात. तिबेटी बौद्ध सरोवर उजव्या हातास ठेवून प्रदक्षिणा करतात. बोन पंथीय उलट दिशेने जातात. हिंदू व जैनही या स्थळास पूज्य मानतात.

आता दृष्टीचा विचार. थेरीगाथेतील पुण्णा ही अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी दासी होती. कडाक्याच्या थंडीत ती मालकिणीच्या धाकाने नदीत उतरे. पाप धुण्यासाठी त्याच पाण्यात कुडकुडणाऱ्या ब्राह्मणास तिने विचारले, की स्नानाने मुक्ती मिळत असेल तर बेडूक, कासवे व मगरी आधीच स्वर्गास गेल्या नसत्या काय? आणि पाणी पाप वाहून नेत असेल, तर ते पुण्यही नेणार नाही काय? ब्राह्मण निरुत्तर झाला व बुद्धास शरण गेला.

ज्या समाजास पाण्यापासूनच दूर ठेवले गेले, त्यास पुण्णेचा हा प्रश्न परका नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते तळे पवित्र होते म्हणून नव्हे, तर पाण्यावर माणसाचा हक्क आहे म्हणून. त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्याची 'शुद्धी' केली. पाण्यास पवित्र म्हणणारेच माणसास अपवित्र ठरवीत होते, हे आपण विसरता कामा नये.

बीडच्या मातीत पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. केज तालुक्यातील मांजरा धरण कोरडे पडल्याने २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. येथील कित्येक पुण्णांच्या डोक्यावरची घागर अद्याप उतरलेली नाही.

म्हणून आमचे मत असे : ज्यांना शक्य आहे त्यांनी अवश्य जावे. त्या उंचीवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू येथल्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. म्हणून आधी वैद्यकीय तपासणी करावी, टप्प्याटप्प्याने चढावे व डोकेदुखी वाढल्यास खाली उतरावे. तिबेटी बांधवांच्या श्रद्धेचा उपहास करू नये. मात्र पाप धुण्याच्या आशेने पाण्यात उतरू नये. जो जाऊ शकत नाही, त्याचे धम्मदृष्ट्या काहीही उणे होत नाही. शुद्धी शीलाने होते, आणि शील आपल्या गावातच पाळता येते. गावच्या पाणवठ्यावर कोणासही मज्जाव होऊ न देणे, हे त्या शीलाचेच अंग आहे.