उपस्थात्याची विचारपूस

पक्षाघाताच्या रुग्णासाठी महानारायण तेल न्यायला बहुधा सून येते. आपण रुग्णाची भूक, झोप विचारतो. तिची विचारत नाही. चरकाचार्यांनी तर उपस्थात्याला चिकित्सेच्या चार पादांत स्थान दिले आहे. त्यांनी सांगितलेल्या १३ अधारणीय वेगांत क्षुधा व निद्रेबरोबर अश्रूही आहेत, आणि हे तिन्ही वेग ती रोज अडवून धरते.

रुग्णाची चौकशी आटोपली की आम्ही "ताई, तुमची झोप होते का?" एवढेच विचारून स्वस्थ बसतो. लगेच अश्वगंधा पुढे करू नये; बोलणे तिथेच खुंटते. औषधालयात गिऱ्हाइकांदेखत कोणी मन मोकळे करीत नाही. आडोशाला एक स्टूल असावे. जगणे नकोसे झाल्याचे बोलणे आले, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडे त्वरित पाठवावे. एरवी ऐकता ऐकता कळते, की रात्री रुग्णाची कूस पालटायला दुसरे कोणी नाही. मग पुढच्या खेपेस तेल न्यायला मुलालाच बोलवावे.