भाड्याचे घर पाहताना पायांनाही विचारा

दिवाळीत एक जुने पेशंट दवाखान्यात आले. निवृत्त शिक्षक, वय सदुसष्ट, बारा वर्षांचा मधुमेह. गावात होते तेव्हा सकाळी दूध आणणे, दुपारी वाचनालय, संध्याकाळी मारुतीचे देऊळ असा क्रम, साखर ताब्यात. मग मुलाने पुण्याला नेले. हिंजवडीजवळ भाड्याचा फ्लॅट, नववा मजला, खाली जिमसुद्धा. वर्षभरात एचबीएवनसी ७.१ वरून ८.९! गोळ्या त्याच, पथ्य तेच.

"फिरता का?" विचारले, तर म्हणाले, "फिरू कुठे डॉक्टर? गेटबाहेर पडलो की गाड्यांचा लोंढा. दूधसुद्धा दारात येते."

चूक माझीही होती. जाताना 'रोज चाला' एवढेच मी सांगितले. कोठे चालणार, हे विचारलेच नाही.

चालताना मांडीचे व पोटरीचे स्नायू रक्तातील साखर वापरतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तरी फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. माझा अनुभव असा, की मुद्दाम केलेले फिरणे पंधरा दिवसांत सुटते. भाजीसाठी केलेले सुटत नाही.

अकरा महिन्यांचा करार संपत होता. मी मुलाला पेठांत घर पाहायला सांगितले. नारायण, सदाशिव पेठेत किराणा, औषधे, देऊळ सारे पायाखाली. १८४८ साली स्थापन झालेले नगर वाचन मंदिरही जवळच. खोल्या लहान, जुन्या इमारतींना लिफ्ट नाही, फुटपाथवर दुचाक्या, हेही खरे. म्हणून म्हटले, घर संध्याकाळी सात वाजता, आई-वडिलांना बरोबर घेऊन पाहा. दुकानापर्यंत चालवा, रस्ता ओलांडायला लावा. वाटेत टेकायला कट्टा आहे का, जिन्यात दिवा व कठडा आहे का, ते बघा. (आपण मात्र आधी पार्किंग विचारतो!)

चालताना छातीत दुखले, किंवा पोटरीत गोळा येऊन थांबल्यावर बरे वाटले, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. पायाला बधिरपणा असेल तर अनवाणी देवळाची वाटही नको.

गेल्या महिन्यात त्यांनी नारायण पेठेत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. गुरुजी आता मंडईत स्वतः जातात. एचबीएवनसीचा खरा हिशेब कळायला तीन महिने लागतील. मुलाचा कंपनीचा प्रवास मात्र वाढला; तो माझ्यावर अजून थोडा नाराज आहे.